सात नंबरची ट्राम आणि एक मदरबोर्ड

ड्रेसडेनला जाणारी आपली मंडळी साधारण तीन गोष्टी पाहून येतात : फ्राउएनकिर्शे, झ्विंगर आणि एल्बचा काठ. एखादा दिवस जास्तीचा असेल तर बास्टायच्या पुलावर फोटो. बर्लिनहून प्रागकडे जाणारी गाडी पकडली की दोन तासांत माणूस ड्रेसडेनला उतरतो, त्यामुळे भारतातून पाहुणे आले की ही सहल ठरलेलीच. यंदा जूनमध्ये आम्हीही गेलो. झ्विंगर पाहिला, एल्बच्या काठी बसून घरून नेलेल्या दशम्या खाल्ल्या. पण जायचं खरं कारण वेगळं होतं. माझ्या मुलीला ओव्हरक्लॉकिंगला चालेल असा मदरबोर्ड घ्यायचा होता, आणि तो घेण्याआधी तिला आजोबांना ड्रेसडेन दाखवायचं होतं.

या दोन गोष्टी एकत्र कशा आल्या ते आधी सांगते.

ईरा सतरा वर्षांची आहे. दोन सुट्ट्यांमध्ये पहाटे उठून बेकरीत काम करून तिने अकराशे युरो साठवले होते. त्यातून तिला स्वतःच्या हाताने कॉम्प्युटर जोडायचा होता. पुढच्या वर्षी आबिटूर झालं की इलेक्ट्रोटेक्निक शिकायचं, आणि तेही ड्रेसडेनच्या टेक्निकल युनिव्हर्सिटीत, असं तिच्या मनात आहे. त्याच सुमारास माझे बाबा पलूसहून तीन महिन्यांसाठी आमच्याकडे आले. पलूस म्हणजे किर्लोस्करवाडीच्या शेजारचं. वाडीच्या कारखान्यातले पंप महाराष्ट्रभर विहिरींवर गेले, आणि आमच्या पंचक्रोशीतल्या पंपांच्या मोटारी जळाल्या की त्या बाबांच्या दुकानात आल्या. बेचाळीस वर्षं त्यांनी मोटारी रिवाइंड केल्या. आता वय शहात्तर. गुडघे आणि हृदय दोन्ही कुरकुर करतात. पुढच्या वेळी इतका लांबचा प्रवास करू नका, असं डॉक्टरांनी निघतानाच सांगून ठेवलेलं. त्यामुळे या तीन महिन्यांत आजोबा आणि नात एकमेकांशी नीट बोलली तर बरं, एवढीच माझी इच्छा होती.

पण बोलणार काय? परदेशात वाढलेली मुलं असलेल्या घरांत हे सगळीकडे थोडंफार असंच असतं. 'जेवलात का?', 'झोप लागली का?', 'शाळा कशी चाललीय?' या तीन प्रश्नांवर पहिला आठवडा निघतो. मग आजोबा खिडकीत बसतात आणि नात कानात हेडफोन घालते. भांडण नसतं, प्रेमही कमी नसतं. फक्त शब्द संपलेले असतात.

आमच्याकडे ते एका संध्याकाळी परत सुरू झाले. ईरा लॅपटॉपवर मदरबोर्डचे फोटो मोठे करून बघत होती. बाबा चहाचा कप घेऊन मागे उभे राहिले आणि प्रोसेसरच्या खाचेभोवती ओळीने बसलेल्या करड्या चौकोनी ठोकळ्यांवर त्यांनी बोट ठेवलं.

"हे चोक हायती का गं?"

ते चोकच होते. तांब्याच्या तारेची वेटोळी, डबीत बंद केलेली. ईराने चमकून मागे पाहिलं. तिच्या वर्गात, किंवा आमच्या घरात, ते बघून ओळखणारं दुसरं कुणीही नव्हतं.

मोटार, वायर आणि थंडावा

ओव्हरक्लॉकिंग म्हणजे काय ते त्या रात्री जेवणाच्या टेबलावर ईराने समजावलं आणि मी मध्ये बसून भाषांतर केलं. प्रोसेसरला एक ठोका लागतो, घड्याळासारखा. मूळ ठोका बहुतेक ठिकाणी १०० मेगाहर्ट्झचा असतो आणि प्रोसेसर त्याला एका आकड्याने गुणतो. ४५ ने गुणलं तर ४.५ गिगाहर्ट्झ. तो आकडा कंपनीने ठरवलेल्यापेक्षा वर नेणं म्हणजे ओव्हरक्लॉकिंग. वेग वाढवला की प्रोसेसर अडखळतो, मग त्याला थोडं जास्त व्होल्टेज द्यावं लागतं. आणि इथे गणित महाग पडतं. लागणारी वीज वेगाच्या प्रमाणात वाढते, पण व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात. समजा, वेग १० टक्क्यांनी वाढवायला व्होल्टेज १.२० वरून १.३५ वर न्यावं लागलं, तर विजेचा खप सुमारे ३९ टक्क्यांनी वाढतो. १३० वॅट घेणारा प्रोसेसर १८० वॅट मागू लागतो.

बाबा म्हणाले, "म्हंजे पाच एचपीच्या मोटरीकडनं साडेसातचं काम घ्यायचं."

"घेता येतं?" ईराने विचारलं.

"घेता येतं की. पण वायर पुरी पाहिजे, लाइन पुरी पाहिजे आणि थंडावा पाहिजे. लोक मोटरीला दोष देत्यात. जळायचं कारण निम्म्या वेळा लाइनीत असतंय."

मदरबोर्ड निवडताना लक्षात ठेवायची मुख्य गोष्ट यापेक्षा थोडक्यात मला सांगता येणार नाही. प्रोसेसर ही मोटार. मदरबोर्ड ही लाइन. घरातला पॉवर सप्लाय बोर्डाला १२ व्होल्ट देतो, पण प्रोसेसरला हवे असतात सव्वा-दीड व्होल्ट. हा उतार बोर्डावरच करावा लागतो. त्या भागाला व्हीआरएम म्हणतात : वीज चालू-बंद करणारे मॉस्फेट, ती सरळ करणारे चोक आणि लाटा शोषून घेणारे कपॅसिटर. वरचे १८० वॅट १२ व्होल्टच्या बाजूने येताना १५ अँपिअर असतात. तेच १.३५ व्होल्टला प्रोसेसरमध्ये शिरताना १३३ अँपिअर होतात. पाच एचपीची थ्री फेज मोटार साडेसात अँपिअर घेते, हे आयुष्यभर पाहिलेल्या माणसाला तळहाताएवढ्या जागेत १३३ अँपिअर म्हटल्यावर काय वाटलं असेल! बाबांनी तो आकडा मला दोनदा सांगायला लावला.

त्यानंतरचा रविवार आम्ही ग्लाइसड्राइएकजवळच्या तंत्रज्ञान संग्रहालयात काढला. बर्लिनमध्ये राहणाऱ्यांनी तिथला कोनराड झूझचा झेड १ अवश्य पाहावा. झूझ मूळचा बांधकामाचा इंजिनिअर. आकडेमोडीचा कंटाळा येऊन त्याने १९३६ ते १९३८ या काळात क्रॉइत्सबर्गमधल्या आईवडिलांच्या घरात, दिवाणखान्यात, पत्र्याच्या पट्ट्या कापून हे यंत्र उभं केलं. मूळ यंत्र युद्धातल्या बाँबहल्ल्यात गेलं, आता आहे ती त्याने स्वतः १९८० च्या दशकात पुन्हा बनवलेली प्रतिकृती. त्या यंत्राचा ठोका साधारण सेकंदाला एक. ते विजेच्या मोटारीवर चाले आणि हाताने फिरवूनही चालवता येई. ईराने आजोबांना सांगितलं की तिच्या प्रोसेसरचा ठोका सेकंदाला पाच अब्ज असेल. बाबा मात्र पट्ट्या बघत होते. "जोरात फिरवलं तर अडकत असणार," ते म्हणाले. खरोखरच ते यंत्र अडकायचं, आणि त्या पत्र्यांनी कंटाळून झूझ पुढे टेलिफोनच्या रिलेकडे वळला. १९४१ चा त्याचा झेड ३ रिलेवर चालत असे.

तांब्याचं शहर

आता ड्रेसडेन. गाडी एल्स्टरवेर्डा मागे टाकून सॅक्सनीत शिरते तोवर ईराने आजोबांना एक गोष्ट सांगून ठेवली होती. ती ऐकण्यासारखी आहे, कारण ओव्हरक्लॉकिंगच्या जगात या शहराचं नाव आहे ते तिच्यामुळे.

एएमडी या अमेरिकी कंपनीने १९९९ मध्ये ड्रेसडेनच्या उत्तरेला 'फॅब ३०' नावाचा कारखाना सुरू केला. २००० साली तिथून अ‍ॅथलॉन प्रोसेसर बाहेर पडू लागले. तेच प्रोसेसर टेक्ससमधल्या ऑस्टिनच्या कारखान्यातही बनत. फरक एकच. ऑस्टिनच्या चिपमधली आतली जोडणी अ‍ॅल्युमिनियमची होती, ड्रेसडेनची तांब्याची. हौशी मंडळी दुकानात ड्रेसडेनचाच तुकडा मागून घेत. अ‍ॅल्युमिनियमचं वाइंडिंग आणि तांब्याचं वाइंडिंग यांतला फरक बाबांना कुणी सांगायची गरज नव्हती. स्वस्तातल्या मोटारीत अ‍ॅल्युमिनियम निघालं की ते गिऱ्हाइकाला दाखवून मगच हात लावायचे.

त्या अ‍ॅथलॉनला कारखान्यात कुलूप लावलेलं असे. चिपच्या पाठीवरचे काही बारीक सांधे तोडून गुणक पक्का केलेला असायचा. लोकांनी शोधून काढलं की साध्या शिसपेन्सिलीने ते सांधे पुन्हा जोडता येतात, कारण शिशातलं ग्रॅफाइट वीज वाहून नेतं. पण पेन्सिल मारून अर्धंच काम होई. गुणक आणि व्होल्टेज बदलण्याची सोय मदरबोर्डवर असावी लागे. म्हणून तैवानच्या अबिट कंपनीचा केटी ७ हा बोर्ड तेव्हा गाजला. बोर्डावरचे जंपर काढत-घालत न बसता त्यात बायोसच्या पडद्यावरून सगळं बदलता यायचं. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्याच्या बुधवार पेठेत त्या काळी सुटे भाग घेऊन कॉम्प्युटर जोडलेल्या वाचकांना हे नाव आठवेल.

ड्रेसडेनचा प्रोसेसर पुढे जागतिक विक्रमापर्यंत गेला. ऑगस्ट २०११ मध्ये एएमडीचा एफएक्स ८१५० द्रवरूप हेलियमने गोठवून ८.४२९ गिगाहर्ट्झपर्यंत पळवला गेला आणि गिनीज बुकात त्याची नोंद झाली. पळवला ऑस्टिनमध्ये, पण चिप ड्रेसडेनची. तोवर तो कारखाना ग्लोबलफाउंड्रीज या वेगळ्या कंपनीकडे गेला होता.

झ्विंगरमध्ये आम्ही चित्रं टाळून गणित आणि भौतिकीच्या उपकरणांच्या दालनात गेलो. तिथे ब्लेझ पास्कालच्या गणनयंत्रांपैकी एक आहे, सतराव्या शतकातलं. वडिलांना कर गोळा करण्याच्या कामात बेरजा कराव्या लागत म्हणून एकोणिसाव्या वर्षी पास्कालने हे यंत्र बनवायला घेतलं. ड्रेसडेनला जाऊन बाहेरच्या अंगणातच फोटो काढून परतणाऱ्यांना माझी विनंती आहे, या दालनासाठी एक तास ठेवा.

दुपारी आल्बर्टप्लात्सहून सात नंबरची ट्राम धरली. वाइक्सडॉर्फच्या दिशेने. पिवळी ट्राम क्योनिग्सब्रुकर श्ट्रासेने उत्तरेला निघते. आधी कॅफे आणि सायकलची दुकानं, मग जुन्या लष्करी इमारती, मग पाइनची झाडं. आणि मग थांब्याचं नावच येतं, 'इनफिनिऑन'. सीमेन्सने १९९४ मध्ये इथे चिपचा उद्योग सुरू केला. १९९९ मध्ये त्यातून इनफिनिऑन वेगळी झाली, आणि तिच्यातून पुढे मेमरी बनवणारी क्विमोंडा. जानेवारी २००९ मध्ये क्विमोंडाने दिवाळं काढलं आणि या शहरातल्या हजारो लोकांचं काम गेलं. तिची इथली रिकामी पडलेली इमारत २०११ मध्ये इनफिनिऑननेच घेतली आणि तिथे मेमरीऐवजी वीज नियंत्रित करणाऱ्या चिप बनवायला सुरुवात केली. पुढे शेजारीच पाच अब्ज युरो खर्चाच्या नव्या कारखान्याचं काम सुरू झालं.

आमचं या कंपनीशी काय नातं? तर मदरबोर्डच्या व्हीआरएममधला मॉस्फेट. २०१५ मध्ये इनफिनिऑनने कॅलिफोर्नियाची इंटरनॅशनल रेक्टिफायर ही कंपनी विकत घेतली. त्या कंपनीचे पॉवर स्टेज ओव्हरक्लॉकिंगच्या नावाजलेल्या बोर्डांवर असायचे. तेव्हापासून तैवानी बोर्डाच्या पोटातही अनेकदा जर्मन कंपनीचं नाव सापडतं. इनफिनिऑनचे कारखाने ऑस्ट्रियात फिलाखला आणि मलेशियात कुलीमलाही आहेत, त्यामुळे प्रत्येक तुकडा ड्रेसडेनचाच असतो असं नाही. पण धंदा हाच : मोठा प्रवाह, कमी गळती, कमी ताप.

आत अर्थातच जाता येत नाही. आम्ही थांब्यावर उतरलो आणि कुंपणापलीकडच्या लांबलचक इमारतींकडे बघत उभे राहिलो. पाळी बदलायची वेळ होती. मुलंमुली पाठीला पिशव्या अडकवून ट्रामकडे येत होती. त्यांत आपल्याकडचे चेहरेही होते. बाबांनी विचारलं, "यांच्यात वाइंडर कोण?" मला हसू आलं, पण ईराने गंभीरपणे उत्तर दिलं. जर्मन आणि मराठी मिसळून ती म्हणाली की आता तार कुणी गुंडाळत नाही, पण कमी जागेत जास्त अँपिअर न जळता कसे न्यायचे, हा प्रश्न तोच आहे, आणि तिला तेच शिकायचं आहे. माझ्या मुलीला काय शिकायचं आहे हे मला तोपर्यंत फक्त विषयाच्या नावाने माहीत होतं.

श्ट्रीझेनमधल्या जुन्या एर्नेमान कॅमेरा कारखान्यात 'टेक्निशे झामलुंगेन' हे संग्रहालय आहे. पूर्व जर्मनीच्या काळातली रोबोट्रॉनची यंत्रं तिथे आहेत. ड्रेसडेनला चिपचं वेड एएमडीने लावलं नाही. वेर्नर हार्टमान या शास्त्रज्ञाने १९६१ मध्येच इथे सूक्ष्म इलेक्ट्रॉनिकीचं केंद्र उभं केलं होतं. पुढे सरकारने त्याला दूर केलं, पण कारागीर शहरातच राहिले, आणि भिंत पडल्यावर आलेल्या कंपन्यांना ते तयारच मिळाले. पूर्व जर्मनीत बनणाऱ्या यू ८८० या प्रोसेसरचे वेगानुसार प्रकार असत. साधा २.५ मेगाहर्ट्झचा, 'यूए' ४ मेगाहर्ट्झचा. आजही हेच चालतं. एकाच तबकडीवरचे तुकडे तपासून त्यांची प्रतवारी लावतात, आणि प्रत्येकाला त्याच्या खऱ्या ताकदीपेक्षा थोडा कमी आकडा देऊन विकतात. ओव्हरक्लॉकिंग करणारा ती मधली शिल्लक शोधत असतो. पूर्वी ती भरपूर असायची. आता कंपन्याच ती बरीचशी वापरून टाकतात.

दिवसाचा शेवटचा मुक्काम युनिव्हर्सिटीत. हाइनरिश बार्कहाउझेन १९११ पासून जिथे शिकवत होता त्या विद्यापीठातली त्याच्या नावाची इमारत ईराला बघायची होती. बाबा बाहेरच्या बाकावर बसले. गुडघ्याने दिवसभराचा हिशेब मागायला सुरुवात केली होती. त्यांनी खिशातून भाजलेले शेंगदाणे काढले आणि इमारतीकडे बघत शांतपणे खाल्ले.

दुकानात

बर्लिनला परतल्यावर खरेदी. ईराने तीन बोर्ड नक्की केले होते : ९५, १९० आणि ४३० युरोचे. बाबा दुकानात बरोबर आले. निवड कशी केली ते सविस्तर लिहिते, कारण मंडळातल्या दोन-तीन घरांतून याच विषयी विचारणा झाली आहे.

आधी चिपसेट बघायचा, कारण तिथे 'नाही' असेल तर पुढचं सगळं फुकट. इंटेल घेणार असाल तर नावात 'के' असलेला प्रोसेसर आणि 'झेड' मालिकेचा बोर्ड, उदाहरणार्थ झेड ७९० किंवा झेड ८९०, अशी जोडी लागते. बी ७६० वर मेमरीचा वेग वाढवता येतो, प्रोसेसरचा गुणक नाही. एएमडीचे बहुतेक रायझन मोकळेच असतात आणि बी ६५०, बी ८५० हे मध्यम किमतीचे चिपसेटही चालतात. ए ६२० आणि बी ८४० वर मात्र प्रोसेसरचं ओव्हरक्लॉकिंग होत नाही. ९५ युरोचा बोर्ड ए ६२० चा होता, तो इथेच बाद झाला. ईराने एएमडीचा एएम ५ हा सॉकेट निवडला. या सॉकेटला २०२७ पर्यंत तरी आधार देण्याचं एएमडीने जाहीर केलं आहे, म्हणजे पुढे प्रोसेसर बदलला तरी बोर्ड तोच राहील.

दुसरं, व्हीआरएम. खोक्यावर '१६+२+१' असे आकडे ठळक छापतात. नुसत्या आकड्याला भुलू नये. प्रत्येक टप्प्यातला पॉवर स्टेज किती अँपिअरचा आहे आणि टप्पे खरे आहेत की एकाचेच दोन करून दाखवले आहेत, हे पाहावं. आठ कोअरच्या प्रोसेसरला चांगल्या प्रतीचे बारा टप्पे पुरून उरतात.

तिसरं, त्यावरचा हीटसिंक. व्हीआरएमची कार्यक्षमता ९० टक्के धरली तर १८० वॅट पुरवताना वीसेक वॅटची उष्णता बोर्डावरच निघते. ती घालवायला पंखे असलेला, म्हणजे खाचा-पाती असलेला धातू हवा. २०१७ मध्ये इंटेलचे एक्स २९९ बोर्ड आले तेव्हा जर्मनीचा प्रसिद्ध ओव्हरक्लॉकर रोमान हार्टुंग याने एक व्हिडिओ काढून या विषयाला तोंड फोडलं. त्या बोर्डांवरचे हीटसिंक दिसायला देखणे, पण उष्णता घालवण्याऐवजी कोंडून ठेवणारे आहेत, आणि काहींवर वीज आणणारा आठ पिनांचा एकच जोड आहे, असं त्याचं म्हणणं होतं. त्यानंतर बोर्डांवर पुन्हा खरी पाती दिसू लागली. हा हार्टुंग 'डेअर बाउअर' या नावाने ओळखला जातो. 'बी'च्या जागी तो आठाचा आकडा लिहितो. बाउअर म्हणजे शेतकरी, हे कळल्यावर बाबांचा त्याच्यावर विश्वास बसला.

४३० युरोच्या बोर्डावर रंगीत दिवे होते, एक छोटा पडदाही होता. विक्रेत्याने परवानगी दिल्यावर बाबांनी दोन्ही बोर्ड आळीपाळीने हातात धरले, वजन पाहिलं, हीटसिंकच्या पात्यांवरून अंगठा फिरवला. "दिव्यांचं पैसं जास्त हायती," एवढंच म्हणाले. १९० चा त्यांना पटला. विक्रेता 'रेझेर्व्हं, रेझेर्व्हं' म्हणत पुढचा महाग बोर्ड पुढे करत होता. शिल्लक ताकद हवीच, पण वापरात कधीच न येणारी शिल्लक विकत घेऊ नये, हे ईराने त्याला तिच्या बर्लिनी जर्मनमध्ये ऐकवलं.

चौथी गोष्ट बायोसमधली, 'लोडलाइन कॅलिब्रेशन'. प्रोसेसरवर एकदम भार आला की व्होल्टेज खाली बसतं. आपल्याकडे शेजारच्या विहिरीवरची मोटार चालू झाली की घरातला दिवा मंद होतो, तसं. ही सोय ते बसणं सावरते. ती पूर्ण टोकाला लावली तर भार उतरताना व्होल्टेज उसळी मारतं, म्हणून मधली पायरी बरी. त्याशिवाय बोर्डाच्या पाठीमागे बायोस पुन्हा भरण्याचं आणि सेटिंग पुसण्याचं बटण असावं. प्रयोग फसला तर बोर्ड परत शुद्धीवर आणायला तेच कामी येतं.

पाचवं, मेमरी. एक्सपो किंवा एक्सएमपी हे बटण दाबणं हेही ओव्हरक्लॉकिंगच. दोन पट्ट्या घ्याव्यात, चार नव्हे, आणि त्या प्रोसेसरपासून दुसऱ्या आणि चौथ्या खाचेत बसवाव्यात.

शेवटचं सगळ्यात महत्त्वाचं. बोर्ड आपण न सांगताही जास्त व्होल्टेज देऊ शकतो. २०२३ मध्ये काही रायझन एक्स थ्रीडी प्रोसेसर जळाले आणि एएमडीला बोर्डांवरच्या एका व्होल्टेजवर १.३ ची मर्यादा घालावी लागली. २०२४ मध्ये इंटेलच्या तेराव्या-चौदाव्या पिढीचे प्रोसेसर जास्त व्होल्टेजने खराब होत असल्याचं मान्य करून कंपनीने वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. म्हणून बोर्ड घरी आणला की पहिलं काम बायोस नवा करणं.

जर्मनीत राहणाऱ्यांसाठी कायद्याचं थोडं. ऑनलाइन घेतलं तर चौदा दिवसांत कारण न देता परत करता येतं, दुकानात हा हक्क नाही. विक्रेत्याची कायदेशीर जबाबदारी दोन वर्षांची, आणि २०२२ पासून पहिल्या बारा महिन्यांत दोष आधीपासून नव्हता हे सिद्ध करणं विक्रेत्याकडे असतं. कंपनीची गारंटी वेगळी, आणि ओव्हरक्लॉकिंगने ती जाऊ शकते.

जोडणी

कॉम्प्युटर जोडायला एक शनिवार गेला. बाबांनी स्क्रू एका वाटीत क्रमाने लावून ठेवले आणि ईराला स्क्रू कोपऱ्याकोपऱ्याने, तिरके, थोडे थोडे आवळायला शिकवलं. संध्याकाळी यंत्र सुरू झालं. तासभर पूर्ण भार दिल्यावर बाबांनी व्हीआरएमच्या हीटसिंकवर बोटं ठेवली, मनात तीन आकडे मोजले आणि काढली. "साठाच्या आतबाहेर." सेन्सर ५८ दाखवत होता. ईराने ते आपल्या वहीत लिहून ठेवलं, दोन रकान्यांत : 'सेन्सर' आणि 'आजोबा'.

पुढचे दोन आठवडे ते रकाने भरत गेले. वेग वाढवून फारसं हाती लागलं नाही, चार-पाच टक्के. पंख्याचा आवाज मात्र रात्री दहानंतर शेजाऱ्यांच्या कानावर जाईल इतका वाढला. मग ईराने उलट दिशा धरली. तेवढ्याच वेगाला व्होल्टेज थोडं थोडं कमी करत गेली. चांगल्या बोर्डाचा उपयोग इथेही होतो, कारण लाइन स्थिर असेल तरच काठावर चालता येतं. प्रोसेसरचं तापमान ९५ वरून ८४ वर आलं, वेग तसूभरही घटला नाही, आणि खप जवळपास ४० वॅटने उतरला. रोज तीन तास आणि युनिटला ३५ सेंट धरले तर वर्षाला पंधरा युरो वाचतात. बाबांना हा निकाल सगळ्यात जास्त आवडला. कमी तापलेली मोटार जास्त वर्षं टिकते, हे त्यांच्या दुकानातल्या पाटीवरही लिहिलेलं होतं.

ऑगस्टमध्ये बाबा परत गेले. पलूसचं दुकान त्यांनी आता कामाला असलेल्या मुलाच्या नावावर केलं आहे. रविवारी फोन येतो तो हल्ली माझ्यासाठी नसतो. ईरा थ्री फेजचं वाइंडिंग कागदावर काढून कॅमेऱ्यासमोर धरते, बाबा चष्मा वर सारून तपासतात. तिच्या मराठीत 'वेटोळं', 'भार', 'गळती', 'ताव' असे शब्द आले आहेत. त्यांतले काही माझ्याही वापरातून गेले होते. बाबांच्या शब्दांत 'व्हीआरएम' आला आहे आणि पलूसच्या गिऱ्हाइकांना तो अधूनमधून ऐकावा लागतो म्हणे.

ड्रेसडेनला अर्ज पुढच्या उन्हाळ्यात करायचा आहे. प्रवेश मिळाला तर ईराला खोली शोधावी लागेल, आणि सात नंबरच्या ट्रामच्या मार्गावर कुणाच्या ओळखीत एखादी असेल तर आम्हाला जरूर कळवा.